आन्सगारचं हातजाळं

गुनवॉरने मेलेला सॅमन फळीवर आडवा केला आणि अंगठ्याने त्याचा कल्ला उचलला. आत लालभडक असायला हवं होतं. दिसलं ते पांढुरकं, धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखं.

"तपासणीतही तेच आलंय," सुनिव्हा म्हणाली. ती माशांची सरकारी डॉक्टर, गुनवॉरची शाळेपासूनची मैत्रीण. "थोड्याच वेळात बोट येईल. सगळे मारावे लागतील, गुने."

 या तरंगत्या बंद टाकीसाठी गुनवॉर अख्ख्या गावाशी भांडली होती. उघड्या जाळ्यांत खाडीतलं सगळं दुखणं शिरतं; इथे पाणी खोलातून ओढायचं, गाळायचं, जंतू मारणाऱ्या दिव्यांसमोरून न्यायचं, मगच माशांना द्यायचं. पायरीवर औषधाच्या पाण्याचा टब, त्यात बूट बुडवल्याशिवाय राजालाही आत प्रवेश नाही. गाव खो खो हसलं होतं. गुनवॉरच्या माशांना बाटलीतलं पाणी लागतं म्हणे! आता तेच लोक हळहळायला येतील, आणि ते तिला सोसणार नव्हतं.

"दिवे ठीक, गाळण्या ठीक. मग रोग आला कुठून?" सुनिव्हाने कपाळावरची टोपी मागे सारली. "कारण सापडलं नाही तर खापर टाकीवरच फुटणार. तिच्यात पुन्हा मासे भरू देणार नाहीत. आणि माणसाची चूक निघाली, तर त्या माणसाला इथे पाय ठेवता येणार नाही."

ती नमुन्यांची पेटी आवरायला पलीकडे गेली, तोच आन्सगारची होडी टाकीला लागली. गुनवॉरचा बाप. याच खाडीत त्याने जन्मभर उघड्या जाळ्यांत मासे वाढवले. आता रोज सकाळी कॉफीचा थर्मास घेऊन लेकीच्या टाकीवर यायचं, एवढंच त्याचं जगणं उरलं होतं. त्याने दोन्ही बूट टबात बुडवले, चांगले घोळवले, मग वर आला.

"बोट कसली बोलावलीयस? माशांची पोरं अजून वाढलीसुद्धा नाहीत!"

"रोग आलाय, बाबा."

म्हातारा फळीवर बसला.  मग थर्मासचं झाकण फिरवत हळूच म्हणाला,

"एक ध्यानात ठेव. तू हलगर्जी केलीस असं कुणी म्हणू शकणार नाही. त्याची काळजी मी घेतलीय."

"म्हणजे?"

"वसंतात तुझ्या टाकीचं झाकण उघडं राहिलं असणार एकदा. एक सॅमन बाहेर पडून टाकीभोवती घिरट्या घालत होता बिचारा. मी हातजाळ्याने उचलला आणि झाकण उघडून आत सोडला. कुणाकडे चकार शब्द काढला नाही."

त्याचं स्वतःचं जाळं एकदा फाटलं होतं. हजारो मासे समुद्रात सुटले, बर्गनच्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, आणि गुनवॉरच्या आईने चर्चनंतर गाव जमायचं त्या कॉफीला जाणं सोडलं ते कायमचं. मासा सुटला म्हणजे घराची अब्रू गेली, हे या माणसाच्या हाडांत मुरलेलं होतं.

झाकण कधीच उघडं राहिलं नव्हतं. तो मासा दुसऱ्याच कुणाच्या तरी जाळ्यातून सुटून आला होता. 

"बरं केलंस, बाबा," ती म्हणाली.

मग ती पेटीशी उभ्या मैत्रिणीकडे वळली. "सुनिव्हा, बाहेरचा एक मासा आत गेलाय. मी टाकला."

"तू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आपलाच सुटला असं वाटलं."

 मागे कॉफी ओतल्याचा आवाज थांबला. माशांत हयात घालवलेल्या माणसाला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

आन्सगार उठला. होडीतून हातजाळं काढलं, पायरीवर गुडघे टेकले आणि ते टबातल्या पाण्यात दाबलं. दोन्ही उघड्या हातांनी, कोपरापर्यंत.

"बाबा, औषध आहे ते. हात भाजतील."

त्याने हात काढले नाहीत. जाळं वर येत होतं, तो पुन्हा दाबत होता.

"झाकण बंदच होतं ना गं?"

खाडीच्या तोंडाशी बोटीचा भोंगा वाजला. गुनवॉर त्याच्या शेजारी बसली आणि त्याची मनगटं धरून हात बाहेर ओढू लागली.