शाळेचा माठ

सुज्ञ वाचकहो, शाळेतील एका माठासाठी लहान लेकरांनी केलेल्या सत्याग्रहाचे वृत्त मी येथे यथामती निवेदन करीत आहे. त्यात न्यायाचाच जय झाला, हे आरंभीच नमूद करतो.

सन १९७६ च्या जून महिन्यात कोरेगावाजवळील एका खेड्यात पेन्शनर हवालदार आकाराम रेडिओ ऐकत बसले होते. दक्षिण आफ्रिकेत काळ्या वर्णाच्या शाळकरी मुलांनी मोर्चा काढला व त्यांच्यावर गोळीबार झाला, अशी बातमी लागली. त्यांची नात अंजना जवळ सरकली.

"आबा, पोरं शाळा सोडून रस्त्याव कशापायी गेली?"

"तिथं गोऱ्यांचं राज्य हाय. लढाईच्या वक्ताला आमची बोट तिथं थांबली हुती. बाकड्याव टेकलो, तर पोलिसानं उठवलं. म्हनला, हे गोऱ्यांचं."

"मग उठलासा?"

"उठलो. भ्यालो. ही पोरं न्हाई भ्याली."

अंजना विचारात पडली. "मग आमच्या शाळंतला माठ बी तसलाच की. रंगूला हात लावू देत न्हाईत. वरनं वततात, समदं पोलक्याव सांडतं."

रंगू ही बौद्धवाड्यातील मुलगी. आबांच्या ओसरीवरही हीच रीत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांचा निरोप आला. चौदा पोरे शाळेबाहेर उन्हात बसली होती. रंगूने स्वहस्ते पाणी घेतल्याविना कोणी थेंबही पिणार नव्हते. आबा शाळा समितीचे पंच असल्याने त्यांना पाचारण झाले. गावचे पाटील सयाजीराव तेथे अगोदरच उभे होते.

"आवं हवालदार, नातीला उठवा. आज माठ, उद्या देऊळ मागत्याल. गावात ऱ्हायचं हाय न्हवं तुमास्नी?"

आबा एकदा दरडावले असते, तर पोरे निमूट आत गेली असती. अंजना त्यांच्याकडे पाहत राहिली. आबा रंगूकडे वळले.

"पोरी, लय तहान लागलीया. माठातनं पानी दे."

"मारत्याल मला," रंगू पुटपुटली.

"आदी मला मारावं लागंल."

तिने माठाशी जाऊन तांब्या बुडवून दिला. आबांनी तो तोंडाला लावून रिता केला व मिशा पुसल्या.

"सयाजीराव, बाटलो मी. आता वाळीत टाका, न्हाईतर पोरांस्नी पिऊ द्या."

"म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलंय," म्हणत पाटील चालते झाले. कोणीही त्यांच्या मागे गेले नाही. रंगूने आपल्या हाताने तांब्या भरला आणि पोटभर प्याली. मग मास्तर प्याले, मग सारी पोरे, आणि माठ पार कोरडा पडला.

सदर वृत्तान्त वाचण्याची तसदी घेतल्याबद्दल आपणा सर्वांचा मी ऋणी आहे.

आपला नम्र,
ज्ञानू बाबाजी घोरपडे