गालावरचे दाणे

सीलबंद वस्तूंवर रेवतीचा विश्वास नव्हता. कृषी कार्यालयात बियाणं तपासण्यात तिची वीस वर्षं गेली होती, आणि गुलाबी बोंडअळीनं जिल्ह्यातली कपाशी पोखरली त्या सालापासून तर बाजारातून आणलेली साखरेची पुडीही ती आधी उलटसुलट करून बघे. पाकीट अस्सल, शिलाई अस्सल आणि आत भलतंच बी, असा प्रकार तिनं फार वेळा पाहिला होता.

त्यामुळे धाड गावच्या टीव्हीवाल्या जाकीरभाईंनी घरात नवा मोठा टीव्ही लावून दिला आणि पहिल्याच दिवशी पडद्यावर बारीक दाणे वळवळताना दिसले, तेव्हा तिनं खोक्यावरचा नंबर टीव्हीमागच्या नंबराशी ताडून पाहिला. नंबर जुळले. संशय काही कमी झाला नाही. बोगस पाकिटांचेही नंबर जुळतच असत.

टीव्ही तिनं हौसेनं घेतला नव्हता. ती तीन वर्षांची असताना तिच्या गावी, वडनेर भोलजीला, सिनेमावाले आले होते. त्यांनी गावातल्या बायकांना कपाशीच्या शेतात उभं करून वेचणीचं चित्रण केलं, आणि त्या बायकांत तिची आई शकुंतलाही होती. पुढच्याच वर्षी आई गेली. तिचा एकुलता एक फोटो वाळवीनं खाल्ला. आईचा चेहरा रेवतीला अजिबात आठवत नव्हता. आता तो काळापांढरा सिनेमा कुणीतरी साफसूफ करून इंटरनेटवर टाकला होता. त्यात आई असेल, तर ती याच एका ठिकाणी.

मोबाईलवर चार बायका चार ठिपक्यांएवढ्या दिसल्या होत्या. सोजराबाई, म्हणजे तिची आत्या, चित्रणाच्या दिवशी तिथं हजर होती. ऐंशीच्या घरातल्या आत्याला मोठ्या पडद्यासमोर बसवलं, तेव्हा तिनं क्षणभरही न थांबता बोट दाखवलं.

"तिसरी. हसून राह्यली ना, ते तुही माय."

तिसरी बाई खरोखरच देखणी होती. रेवतीनं ते दृश्य चारपाच वेळा पाहिलं. आत्यानं इतक्या पटकन ओळखलं, हेच तिच्या मनाला खटकलं. मोतीबिंदूमुळे आत्याला तांदळातले खडे दिसत नव्हते. शिवाय वडील सांगत, आईच्या डाव्या डोळ्याखाली देवीचे तीन व्रण होते, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले. आत्याला विचारलं तर ती म्हणाली की ते फार बारीक होते, दिसत नसत. आणि इथं तर त्या दाण्यांनी चौघींचेही गाल सारखेच भरलेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाकीरभाई आले. त्यांनी बातम्या लावल्या, क्रिकेट लावलं. चित्र काचेसारखं स्वच्छ होतं. मग ते हसले.

"ताई, तुम्ही त माह्या टीव्हीची उगवण तपासून राह्यल्या. टीव्हीत खोट असती त सगळ्यातच दिसली असती. हे दाणे फिल्मचे हायेत. लहान टीव्हीत दबून जात, हा काही लपवत नाही."

रिमोटवर दोनचार बटणं दाबून त्यांनी कुठलीशी सोय चालू केली आणि दाणे नाहीसे झाले. चौघींचे चेहरे लोण्यासारखे गुळगुळीत झाले. तिसरीच्या गालावर एक डाग नव्हता. आत्या समाधानानं म्हणाली की आता कसं साजरं दिसतं. जाकीरभाई चहा घेऊन गेले.

रेवती मात्र पडद्याकडे बघत राहिली. बीटी कपाशीच्या पाकिटात बिगरबीटी बियांची एक लहान पुडी येते, अळीला बीटी पचवायची सवय लागू नये म्हणून ती शेताच्या कडेनं लावायची असते. लोक ती कचरा समजून बांधावरच फेकून देत, आणि त्या पुडीपायी ती वीस वर्षं गावोगाव घसा कोरडा करत आली होती. दाणे काढून टाकताना या यंत्रानं सोबत आणखी काय काय फेकलं असेल?

तिनं ती सोय बंद केली. दाणे परत आले. चित्र थांबवलं, तर दाणा कुठला आणि व्रण कुठला ते कळेना. मग तिच्या लक्षात आलं. सिनेमाच्या एका सेकंदात चोवीस चित्रं, आणि प्रत्येक चित्रात दाण्यांची मांडणी वेगळी. दाणा जागा बदलणार. व्रण बदलणार नाही.

तिनं वही घेतली. बियांची उगवण एकाच चाचणीवर कधी ठरवत नाहीत, म्हणून प्रत्येक बाईसाठी तिनं दहा गोल काढले, दहा वेळा चित्र थांबवलं आणि दर वेळी गालावर दिसले ते ठिपके गोलात उतरवले. तिसरीच्या दहा गोलांत एकही ठिपका दोनदा एका जागी आला नाही. पहिली आणि दुसरीही तशीच.

चौथी कडेला होती, कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस भरत वाकलेली. रुंद जबडा, बसकं नाक. मधेच ती मान वर करी आणि तीनेक सेकंद एका बाजूला बघत राही. तिच्या दहाही गोलांत डाव्या डोळ्याखाली तीन ठिपके त्याच जागी होते.

रेवतीनं "चौथी" म्हणत वही आत्याच्या मांडीवर ठेवली. आत्याला वहीतलं काही दिसत नव्हतं, पण रेवती कुठल्या बाईपाशी थांबली आहे ते तिला कळलं. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"तिले सगळे तोंडावर देवीवाली म्हणत," ती म्हणाली. "तुले एक साजरी माय द्यावं वाटलं मले."

रेवतीनं वही उचलून घेतली. आत्यानंच पुढं विचारलं, "मान वर करून पाह्यते ना ते? मी कॅमेऱ्याच्या बाजूले उभी होती. तू माह्या कडेवर होती. रडून राह्यली होती."

रेवतीनं आत्याकडे बारकाईनं पाहिलं. हेही साजरं करून सांगितलेलं असू शकत होतं. तिनं रिमोट उचलला, दृश्य मागं नेलं आणि पडद्याला नाक लागेल इतकी जवळ जाऊन बसली. दाण्यांच्या गर्दीतून चौथीनं मान वर केली. नजर कॅमेऱ्यात नव्हती. किंचित उजवीकडे होती, आणि उभ्या माणसाच्या चेहऱ्यापेक्षा जराशी खाली, कमरेच्या थोडी वर.

तिनं वहीत चौथीच्या नजरेसाठी अकरावा गोल काढला आणि दृश्य पुन्हा मागं नेलं.