शून्यावर न बसणारा काटा

मी एक जुना व्होल्टमीटर आहे. मित्रांनो, माझ्यात एक दोष आहे. तो आधीच सांगतो, म्हणजे नंतर तक्रार नको. मला काहीही जोडलेले नसतानाही माझा काटा शून्यावर नसतो, ०.२ वर असतो. दीड व्होल्टचा सेल जोडला की मी १.७ दाखवतो.

जन्मतः मी असा नव्हतो. कारखान्यातल्या एका बाईंनी डोळ्याला भिंग लावून माझा काटा अचूक शून्यावर बसवला, मगच माझ्यावर काच चढली. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी चार वर्षे मानाने काम केले. मग कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागला आणि मी टेबलावरून खाली आलो. काच वाचली, पण काटा सरकला, आणि तो जागेवर आणायचा स्क्रूही कायमचा अडकला.

प्रयोगशाळेची कपाटे सांभाळणारे मामा मला उचलून मॅडमकडे घेऊन गेले. मॅडम म्हणजे पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिके घेणाऱ्या शिक्षिका.

"हा कामातून गेला. भंगारात टाकू?"

"राहू द्या मामा. हा चोर पकडेल."

"मग पोलिसांत भरती करा. इथे कशाला जागा अडवतोय?"

मॅडमची युक्ती अशी होती. सेलवर '१.५' छापलेले असते. विद्यार्थी माझ्याकडे नीट न बघताच वहीत १.५ लिहून टाकत. तास संपताना मॅडम अशांची नावे मोठ्याने वाचत आणि विचारत, "डोळ्यांनी काय पाहिलंत, आणि हाताने काय लिहिलंत?" वर्ग हसे. बहुतेक वेळा मॅडमचे बरोबरच असे. मलाही आपण कामाचे आहोत असे वाटून बरे वाटे.

एका वर्षी लांब वेणीची एक मुलगी माझ्यासमोर बसली. तिने वायर जोडण्याआधी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मान खाली नेली, एक डोळा मिटला, काटा आणि त्याखालच्या आरशातले त्याचे प्रतिबिंब एका रेषेत आणले. मग कच्च्या वहीत पेन्सिलने काहीतरी खरडले आणि पक्क्या वहीत लिहिले : १.५. तिचे नाव वाचले गेले. सगळ्यांबरोबर शेजारची मैत्रीणही हसली. त्या मुलीने कच्ची वही मिटून टेबलाच्या खणात सरकवली. मी बोलणार तरी कसा? पुढच्या महिन्यात तिने विषय बदलला.

वर्ष संपल्यावर मामा रद्दी बांधत होते. ती कच्ची वही त्यांच्या हाती लागली आणि कोरी पाने निघतील म्हणून त्यांनी ती मॅडमना दिली. मॅडमनी ती माझ्याच टेबलावर उघडली. वर त्या मुलीचे नाव होते, आत लिहिले होते : 'काटा आधीच ०.२ वर आहे. १.७ वजा ०.२ = १.५.'

मॅडम खुर्चीवर बसल्या. मामांनी आणलेला चहा गार झाला, त्यावर साय धरली.

त्यानंतर नावे वाचणे बंद झाले. आता तासाची पहिली पाच मिनिटे कुणी वायरला हात लावायचा नाही. फक्त माझ्याकडे बघायचे आणि दिसेल ते लिहायचे. मग शेजारच्या टेबलावरचा चांगला मीटर आणि मी, दोघांना एकच सेल. आकडे जुळत नाहीत, तेव्हा पोरे वाद घालतात. मॅडम एवढेच विचारतात, "हा आकडा कसा आला, ते दाखव."

अशी बरीच वर्षे गेली. मॅडम रोज शिकवत होत्या, पण वेळापत्रकात त्यांच्या तासांपुढे नुसते 'प्रयोगशाळा' असे छापलेले असे. कॉलेजात शिकवणाऱ्यांच्या कामाची पारख करून त्यांना अध्यापक म्हणून मान्यता देणारी एक संस्था आहे. ती मान्यता मिळाली, तर मॅडमना स्वतःच्या नावाने वर्ग घेता येणार होता. नाही मिळाली, तर निवृत्तीपर्यंत त्या 'प्रयोगशाळा'च राहणार होत्या. अर्ज दोनदाच करता येई. पहिला परत आला. त्यावर शेरा होता : 'काय चांगले केले ते कळले. काय चुकले आणि त्यावरून काय बदलले, ते कळले नाही.'

मॅडमनी माझ्या टेबलावर बसून दुसरा अर्ज लिहिला. त्यात वेणीवाली मुलगी होती.

मामांनी तो वाचला आणि चष्मा काढला. "मॅडम, आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय? हे कुणाला माहीत आहे?"

"दोघींना माहीत आहे."

"शेवटची संधी आहे ही."

"म्हणूनच."

संस्थेकडून एक परीक्षक बाई आल्या. मागच्या स्टुलावर बसून त्यांनी पूर्ण तास पाहिला. मुले गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या, वाकल्या, एक डोळा मिटला.

"०.२," त्या म्हणाल्या. मग मॅडमना विचारले, "हे लिहिण्याआधी त्या मुलीला विचारलंत?"

"हो. पत्ता काढून घरी गेले. आधी माफी मागितली, मग विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, लिहा, पण वजाबाकी नीट लिहा. आता ती नकाशे बनवते. मी विचारलं, माझ्यामुळे विषय सोडलास का? म्हणाली, थोडं तुमच्यामुळे, थोडं नकाशांमुळे. किती थोडं ते नाही सांगितलं."

परीक्षक बाईंनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिले. ते मला दिसले नाही.

सहा आठवड्यांनी पत्र आले. मामांनी ते उभ्याने वाचले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले. नव्या वेळापत्रकात सोमवारी सकाळच्या तासापुढे मॅडमचे पूर्ण नाव छापून आले. त्या दिवशी मामांनी मला ओल्या फडक्याने पुसले आणि हातात धरून वर्गापर्यंत नेले. मॅडमनी मला समोरच्या टेबलावर ठेवले. साठ मुले माझ्याकडे बघत होती आणि कुणी काही लिहीत नव्हते.

मित्रांनो, आम्हा उपकरणांना जपून हाताळा, कोपराने ढकलू नका. आणि कुणाचे उत्तर तुम्हाला चोरलेले वाटले, तर हसण्याआधी त्याची कच्ची वही मागा. ती उघडून बघायला अर्धे मिनिट लागते. तेव्हा न दिलेल्या त्या अर्ध्या मिनिटाची भरपाई मॅडम अजून करत आहेत. दर वर्षी पहिल्या तासाला एखादी मुलगी गप्प बसलेली दिसली, की त्या आधी तिच्या टेबलापाशी जातात.