तिरका बसवलेला पाइप

मित्रांनो, जरा मान वर करा. भिंतीवर, छताच्या थोडं खाली जो जुना लोखंडी पाइप दिसतोय ना, तो मी! मी तिरका दिसतो, पण तो कुणाचा हलगर्जीपणा नाही हं. मला मुद्दाम तसं बसवलंय. का, ते कळेलच.

कारखान्यात मला गोल वळवलं, जस्तात बुचकळलं आणि मी चकचकीत होऊन या घरी आलो. मी आणि माझी भावंडं टाकीतलं पाणी खाली आणायचो. मग एक दिवस बाबांनी, म्हणजे या घरातल्या प्लंबरनी, आम्हाला उपटून पांढरे प्लॅस्टिकचे पाइप लावले. आमची रवानगी परसात! तिथे आजी माझ्यावर चादरी वाळत घालायची. वाईट नव्हतं तसं. पण ज्याच्या पोटातून पाणी धावायचं, त्यानं ओल्या चादरी सांभाळायच्या म्हणजे... जाऊ दे.

पुढे आईनं मागच्या खोलीत जुनं फर्निचर रंगवायचं काम सुरू केलं. स्प्रे गनला दाबाची हवा लागते, म्हणून कॉम्प्रेसर आला. तो असा धडधडायचा की आजी म्हणाली, सुनेनं घरात ट्रॅक्टर पाळलाय.

आता ती हवा कॉम्प्रेसरपासून आईच्या टेबलापर्यंत न्यायची कशातून? दुकानात विचारून पाइप घेऊ, असं आईचं म्हणणं. बाबांना ते चांगलंच लागलं. आयुष्यभर गावभर पाइप जोडले, आणि बायकोच्या पाइपसाठी दुसऱ्याला विचारायचं?

"अगं, पाण्याचा एवढा दाब सोसतो हा. हवेचं ते काय वजन!" असं म्हणून त्यांनी उरलेला पांढरा पाइप कापला, सोल्युशन लावून चिकटवला आणि काम फत्ते. सांधे इतके सुरेख, की हवा कुठेच गळेना.

मी खिडकीतून बघत होतो आणि मला बोलता येत नव्हतं. पाणी दाबून दबत नाही, त्यामुळे पाइप फुटला तर ते नुसतं वाहतं. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबून बसते आणि वाट मिळाली की उसळते. प्लॅस्टिक बिचारं पाण्यासाठी घडवलेलं. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

काही महिने सुखात गेले. मग एका दुपारी कपाटाच्या दारावर शेवटचा हात मारून आई चहाला आत गेली, आणि धाड! पाइपच्या चिंधड्या खोलीभर उडाल्या. आई-बाबा दोघंही धावत आले. एक अणकुचीदार तुकडा कपाटाच्या दारात रुतून बसला होता.

"तू इथेच उभी असतेस ना?" बाबांनी विचारलं.

"तिथेच," आई म्हणाली.

बाबांनी त्या तुकड्याची उंची हातानं मापली आणि तोच हात आईच्या डोळ्यांपर्यंत नेला. मग ते स्टुलावर बसलेच. म्हणाले, "मी पाण्यातला माणूस. हवेतलं मला कळत नाही, एवढं बोलायला जीभ रेटली नाही बघ."

आईनं रागवायला हवं होतं की नाही? ती म्हणाली, "मग आता विचारून येऊ. चला, चपला घाला."

दोघं विचारून आले. तांबं चालतं, अ‍ॅल्युमिनियम चालतं, लोखंडही चालतं, हे प्लॅस्टिक मात्र नाही. लोखंड तर परसातच होतं! आजीनं आपल्या चादरींचं काय, म्हणून थोडी कुरकुर केली. बाबांनी आम्हाला आतून घासलं, नवे आटे पाडले, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघितलं.

आणि हो, तिरकेपणा! कॉम्प्रेसरमधून आलेली गरम हवा माझ्यात थंड होते, तिच्यातल्या दमटपणाचं पाणी होतं आणि उतारावरून माझ्या शेवटच्या टोकाला जमतं. तिथे छोटा नळ आहे. तो उघडला नाही तर मी आतून गंजेन आणि आईच्या रंगात तांबडे थेंब पडतील. म्हणून मित्रांनो, आमच्यासारख्यांना नुसतं भिंतीवर चढवून विसरू नका. आणि कुठलाही पाइप निवडताना आधी विचारा, हा कशासाठी घडवलाय?

आजीच्या चादरी आता उरलेल्या पांढऱ्या पाइपवर वाळतात. जरा वाकतो बिचारा, पण खुशीत असतो.

ते कपाट आईनं विकलं नाही आणि तुकडाही काढला नाही. रोज संध्याकाळी बाबा कुणी न सांगता येतात, माझा नळ उघडतात, फुस्स करून पाणी निघून जातं. जाता जाता ते त्या तुकड्याला बोट लावतात आणि आई कुठे आहे ते बघून घेतात.