हौशीजवळचा पत्ता

गणपतराव गुरुजींनी खोडरबर पुढं केला, पण तेजस्वीनं तो घेतला नाही.

“म्हशीची शिंगं दोन्ही सारखी असतात, बाळ,” ते म्हणाले. “तू एक आभाळाकडं काढलंयस आणि एक भुईकडं.”

“तशीच हायत.”

“कुणाची?”

तेजस्वीनं वहीवर हात आडवा ठेवला आणि पेन्सिलीचं टोक बघत बसली.

विषय होता ‘माझा आवडता प्राणी’. बालगृहाच्या व्हरांड्यात बसलेल्या मुलींच्या वह्यांतून सशांची नुसती गर्दी झाली होती. म्हैस एकच. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर पांढरा चांद, आणि ती वेडीवाकडी शिंगं.

गुरुजींनी अडतीस वर्षं महापालिकेच्या शाळांत काढली होती. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून ते रोज सांजच्याला या मुलींना शिकवायला येत. पोर ऐकत नसलं की वस्तू त्याच्याजवळ ठेवून आपण पुढं जायचं, ही त्यांची जुनी रीत. पाठ वळली की बहुतेक पोरं मुकाट्यानं ती वस्तू उचलतात. खोडरबर तेजस्वीच्या वहीशेजारी ठेवून ते ससे बघायला गेले.

तास संपला तेव्हा खोडरबर जागचा हललेला नव्हता.

ऑफिसात दीप्ती फायलींचा गठ्ठा घेऊन बसली होती. ती जिल्हा बाल संरक्षण कक्षात नोकरीला होती. ज्या मुलींच्या आईवडिलांपैकी कुणी कमावतं आहे, त्यांची पोटगीची प्रकरणं तयार करून सरकारी वकिलांकडं पाठवायची, हे तिच्या कामातलं एक काम. गुरुजींना पाहून ती उठून उभी राहिली. चौथीत ती त्यांच्याच वर्गात होती.

“बस, बस. कोकण घाटावर दाखवणारी पोरगी तू. अजून पाया पडतेस, तेवढं पुरे.”

“एकदाच चुकला होता नकाशा, गुरुजी. किती वर्षं काढणार आहात?” ती हसली, आणि वरची फाईल त्यांच्यापुढं सरकवली. “हिचं काय करू सांगा.”

फायलीवर नाव होतं तेजस्वी आकाराम खोत. आई वारल्यावर आत्यानं दोन वर्षांपूर्वी आणून सोडलेली. वडील हयात. काम, मजुरी. ‘सध्याचा पत्ता’ या रकान्यात काहीच नव्हतं. गगनबावड्याकडच्या गावी पाठवलेलं पत्र दोनदा परत आलं होतं आणि दोन्ही पाकिटं फायलीला टाचलेली होती.

“आत्या म्हणते, कोल्हापुरातच कुठंतरी असतो. पोरीला तीनदा विचारलं. ठाऊक न्हाय म्हणते, आणि खिडकीबाहेर बघते.”

“पत्ता नसला म्हणून काय होतं?”

“शुक्रवारी फाईल वकिलांकडं गेली, तर ते मुलीच्या वतीनं अर्ज करतील. वडिलांना नोटीस जाईल, ते कोर्टात येतील, कागदावर बाप म्हणून उभे राहतील. पत्ताच नसला तर मला बाल कल्याण समितीला अहवाल द्यावा लागतो, पालक मिळत नाहीत म्हणून.” दीप्तीनं फायलीची दोरी बोटाला गुंडाळली. “मग तिला दत्तक द्यायला मोकळी धरतात. कदाचित चांगलं घर मिळेल. पण ते दुसरं घर असेल.”

“बाप जिवंत असताना?”

“जिवंत असून भागत नाही, गुरुजी. सापडावा लागतो.”

दारात अंबूबाई येऊन उभी राहिली. मुलींना शाळेत नेण्या-आणण्याचं काम तिचं. तिचा आवाज व्हरांड्याच्या पार टोकाला ऐकू जात असे.

“त्या तेजस्वीला बूट घ्या की वो कोण तरी! रोज गंगावेशीच्या कोपऱ्यावर आलं की हिचा पट्टा सुटतोय. रोज! रांग पुढं आन ही मागं. एक दिवस रिक्षाखाली गेली म्हंजे माझी नोकरी जाईल.”

“रोज त्याच कोपऱ्यावर?” गुरुजींनी विचारलं.

“त्याच की. तिथं काय चुंबक हाय का कुणास ठाऊक.”

गुरुजी बाहेर आले. दाराशी बुटांची रांग होती. त्यांनी तेजस्वीचा डावा बूट उचलला, मग उजवा. दोन्ही पट्टे शाबूत होते. बक्कल लावून त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं. पुरतं घट्ट बसत होतं. बूट त्यांनी होते तसे जोडीनं ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला ते गंगावेशीत गेले. दूध कट्ट्यावर गर्दी व्हायला लागली होती. म्हशी रांगेनं उभ्या होत्या, माणसं पेला हातात धरून आपल्या पाळीची वाट बघत होती. समोर धार काढायची आणि तिथंच पिऊन टाकायची, असा इथला रिवाज. गुरुजी लहानपणी वडिलांचं बोट धरून इथं यायचे, त्यामुळं त्यांना वासावरूनसुद्धा कट्टा ओळखता आला असता.

कट्ट्यापासून जरा बाजूला, रस्त्याच्या कोपऱ्यावर, एकच म्हैस होती. गळ्यात कवड्या. कपाळावर चांद. एक शिंग आभाळाकडं, एक भुईकडं.

गुरुजी पानपट्टीच्या आडोशाला उभे राहिले.

शाळेची रांग आली. पुढं अंबूबाई, मागं दोन-दोनच्या जोड्या. कोपऱ्यावर येताच तेजस्वी खाली वाकली आणि पट्ट्याशी चाळा करू लागली. जोड्या पुढं गेल्या. म्हशीशी बसलेल्या माणसानं न बघताच पेला सडाखाली धरला. चार धारा, फेस काठावर. तेजस्वीनं म्हशीच्या आड बसून दोन घोटांत तो संपवला आणि बाहीनं ओठ पुसले. माणसानं तिच्या डोक्यावर हात ठेवला न ठेवला असं केलं. दोघं एक शब्द बोलले नाहीत. ती उठून पळत सुटली, आणि पळता पळता तिला गुरुजी दिसले.

ती थबकली. गुरुजींनी मान वळवून पानपट्टीवाल्याला उगीच सुपारीचा भाव विचारला.

रांग दिसेनाशी झाल्यावर ते म्हशीजवळ गेले.

“या पावणं. पेला का अर्धा लिटर?”

“पेला. हिचं शिंग असं कशानं?”

“रेडकू असताना मोडलं, तसंच वाढलं. मालक बाळासो म्हणत हुते इकूया. मी म्हटलं ऱ्हाऊ दे, दूध काय शिंगातनं येतंय?” तो हसला. “हौशी म्हणत्यात हिला.”

“तेजस्वीनं हिचं चित्र काढलंय. मी तिला शिंग खोडायला सांगत होतो.”

धार थांबली. आकारामनं हात म्हशीच्या अंगावरच ठेवला, जणू तिला उभं राहायला आधार द्यावा तसा.

“तुमी गुरुजी का?”

“व्हय.”

“सांगती ती. म्हंजे, आदी सांगायची, सुट्टीत आत्याकडं भेटली तवा.” त्यानं पेला पुढं केला. “मी पलीकडच्या चौकात बसत हुतो. पोरींची रांग हिकडनं जाती कळलं, तवा मालकाला इनवून हितं आलो. गिऱ्हाईक कमी हाय हितं. पर रांग जाती.”

“तिला भेटायला बालगृहात का येत नाहीस?”

“काय सांगू येऊन? शिंगणापूर रस्त्याला मालकाचा गोठा हाय, तिथंच झोपतोय. चार म्हशी आन मी. पोरीची जात, कुठं ठेवू? त्यांनी इचारलं, तुला पोरगी सांभाळाय येत न्हाय तर बाप कशाला म्हणवतोस, तर?” तो जमिनीकडं बघत बोलत होता. “आन आता म्हणं केस करणार हायत. आत टाकतील म्हणं.”

“कोण म्हणालं?”

“आत्याला कुणीतरी सांगितलं, म्हणून ती बी माझा पत्ता सांगंना. पोरीनं बी ऐकलंय.”

गुरुजींनी दूध प्यायलं. फेस मिशीला लागला तो त्यांनी पुसला नाही.

“आत कुणी टाकत नाही. तुला झेपेल तेवढं महिन्याला द्यायला लावतील. वकील सरकारचा असतो, पण तिच्या बाजूनं उभा राहतो. तू सापडला नाहीस, तर मात्र तिला दुसरं घर बघतील. दुसरं आडनाव.”

म्हैस शेपटी हलवत राहिली. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि कुणी लक्ष देईना म्हणून कट्ट्याकडं गेलं.

“जावा गुरुजी,” शेवटी आकाराम म्हणाला. “सांगून टाका हापिसात.”

“मी नाही सांगणार. तिनं लपवून ठेवलंय, तिलाच सांगू दे.”

“आन न्हाय सांगितलं तर?”

गुरुजींनी पेला विसळून दिला.

बुधवारी त्यांनी मुलींना पाढे घातले. तेजस्वी कोपऱ्यात बसली आणि एकदाही वर बघितलं नाही. कोपऱ्यावर तिचा पट्टा त्या दिवशी सुटला नव्हता, हे अंबूबाईनं मोठ्या समाधानानं सांगितलं. गुरुवारीही सुटला नाही.

गुरुवारी तास संपल्यावर ती वही घेऊन मागं थांबली. व्हरांडा रिकामा होईपर्यंत गुरुजी खडू गोळा करत राहिले.

“तुमी सांगितलासा?”

“नाही.”

“का न्हाय?”

“तू सांगितलं नव्हतंस म्हणून.”

ती पायरीवर बसली. गुरुजीही गुडघ्यावर हात देत तिच्याशेजारी बसले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. नोटीस म्हणजे काय, वकील काय करतो, पत्ता नसला तर काय होतं. गणित सांगावं तसं, एकेक पायरी, काही न गाळता. दुसऱ्या घराचंही सांगितलं. ते घर वाईटच असेल असं ते म्हणाले नाहीत.

“आबांना जेलात न्हाय घालणार?”

“नाही.”

“शप्पत?”

“मी तुला आजवर चुकीचं काही सांगितलंय?”

तिनं विचार केला. “शिंगं सांगितलीसा की.”

गुरुजी मोठ्यानं हसले. “ते चुकलं. तिथं तू बरोबर होतीस. मी हौशीला बघून आलोय.”

म्हशीचं नाव त्यांच्या तोंडून ऐकल्यावर तेजस्वी पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडं बघू लागली. मग तिनं वहीतलं म्हशीचं पान काढलं आणि शिंगं पुन्हा गडद करू लागली. गुरुजींना उशीर होत होता, पण ते उठले नाहीत.

शुक्रवारी सकाळी शाळेत जायच्या आधी ती ऑफिसच्या दाराशी उभी राहिली. दीप्ती फायलींना दोऱ्या बांधत होती.

“ताई, माझी फाईल सोडा.”

दीप्तीनं काही न विचारता दोरी सोडली आणि पेन दिलं. तेजस्वीनं रिकाम्या रकान्यात, ओळीच्या बाहेर न जाता, लिहिलं: ‘गंगावेशीच्या कोपऱ्यावर, हौशीजवळ, रोज पाच ते सात.’

दीप्तीनं ते वाचलं. पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

“असा पत्ता वकीलसाहेब घेतील का?” ती गुरुजींना म्हणाली. शुक्रवारी सकाळी त्यांचं तिथं काही काम नसताना ते आलेले होते.

“खाली गोठ्याचा लिही की. शिंगणापूर रस्ता, बाळासोंचा गोठा. पण वरचं राहू दे. माणूस तिथंच भेटतो.”

दीप्तीनं खाली दुसरी ओळ लिहिली. वरची खोडली नाही. फाईल त्या दिवशी वकिलांकडं गेली.

तीन आठवडे गेले. गुरुजींना आता संध्याकाळी एक पेला दुधाची सवय लागली होती. डॉक्टरांनी दूध प्यायला सांगितलंय, असं ते घरी सांगत. एका संध्याकाळी ते कोपऱ्यावर पोचले तेव्हा आकाराम म्हशीशी बसलेला नव्हता, रस्त्याच्या कडेला उभा होता. धुतलेला सदरा, आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद.

“कोर्टाचा बेलीफ आलता सकाळी गोठ्यावर,” तो म्हणाला. “सही केली. मला वाचाय येत न्हाय, आन मालकाकडनं वाचून घ्यावं वाटंना.”

“मी वाचू?”

आकारामनं पिशवी छातीशी धरली. “थांबा जरा. पाच वाजाय आल्यात.”

रांग आली. तेजस्वीच्या बुटाचे दोन्ही पट्टे लावलेले होते. ती वाकली नाही. रांगेतून सरळ बाहेर पडली आणि म्हशीपाशी येऊन उभी राहिली. आकारामनं एका हातानं दुधाचा पेला आणि दुसऱ्या हातानं पिशवी पुढं केली. तिनं आधी पिशवी घेतली. हात स्कर्टला पुसले, कागद उलगडला, आणि वर्गात उभी राहते तशी ताठ उभी राहून वाचू लागली.

“अर्जदार, तेजस्वी आकाराम खोत, वय अकरा वर्षे. जाबदेणार, आकाराम ज्ञानू खोत. अर्जदाराशी नाते, वडील. यांस कळविण्यात येते की...”

“थांब,” आकाराम म्हणाला. “वरचं परत वाच.”

“सगळं?”

“न्हाय. तेवढंच. आपल्या दोघांचं.”

तिनं वाचलं.

पुढून अंबूबाईचा आवाज आला, “अगं ए भवाने! आता काय पट्टा शिवत बसलीस का?” ती तरातरा मागं आली. तिनं कागद बघितला, धुतलेला सदरा बघितला, गुरुजींकडं बघितलं. मग रांगेकडं वळून ओरडली, “थांबा गं सगळ्या! कोण पुढं जायचं न्हाय. मी सांगीन तवर थांबायचं.”

चाळीस मुली भर रस्त्यात जोडीजोडीनं थांबल्या. मागं रिक्षा हॉर्न वाजवू लागली. आकारामच्या हातातल्या पेल्यावरचा फेस हळूहळू बसत आला होता, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

तेजस्वीनं कागद जरा वर धरला आणि, कुणी सांगितलं नसताना, पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.