चौदा सिनेमांचं मानपत्र

अमरावतीत कुणाचा सत्कार ठरला की आधी हॉल बघतात, मग शाल-श्रीफळाचं ठरतं आणि मग कुणीतरी म्हणतं, "असनारे सरांना सांगा, मानपत्र ते लिहून देतील." वसंतराव असनारे म्हणजे मराठीचे निवृत्त शिक्षक. तीस वर्षांत त्यांनी दोनशेच्या वर मानपत्रं लिहिली होती. खरं सांगायचं तर एकच मानपत्र दोनशे वेळा लिहिलं होतं. 'आपल्या कर्तृत्वाचा सुगंध दाही दिशांना दरवळत आहे' हे वाक्य डॉक्टरलाही चालायचं आणि पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरलाही. एकदा मागच्या मानपत्रातली ओळ तशीच राहून गेली आणि तीन मुलींच्या बापाला भर सभेत 'आजन्म ब्रह्मचारी' म्हटलं गेलं. त्याची बायको पहिल्याच रांगेत बसलेली. लोक अजून त्यावर हसतात. सरही हसायचे, पण मनातून त्यांना त्याची लाज वाटायची.

अशा माणसाला त्यांची नात मैथिली एका दुपारी सिनेमाला घेऊन गेली. मैथिली वकिलीचं शिकते आणि सिनेमा होता कोर्टाच्या शिपायाचा. तालुक्याच्या कोर्टात पक्षकारांच्या नावाचा पुकारा करण्यात ज्याची हयात गेली, त्याच्यावर शेवटी स्वतःच्याच नावाचा पुकारा करायची पाळी येते. नट होता अकोटचा, धम्मदीप तायडे. तो दाराशी उभा राहतो, तोंड उघडतो आणि आवाजच फुटत नाही. मग स्वतःचं नाव तो असं पुकारतो, की हे नाव कुणा परक्याचं असतं तर किती बरं झालं असतं, असं आपल्यालाच वाटतं. सरांचा रुमाल भिजला.

 घरी जेवायला बसल्यावर ते म्हणाले, "हा माणूस काही आभाळातून पडलेला नाही. याआधी काय काय केलंय त्यानं? दाखव मला."

"आबा, याआधी तो कुणाला माहीतसुद्धा नव्हता."

"म्हणून तर बघायचं."

मैथिलीनं मोबाइलवर शोधून यादी काढली. सोळा वर्षांतले तेरा सिनेमे निघाले आणि कोर्टाचा धरून चौदा. आजोबा-नात रोज दुपारी टीव्हीसमोर बसू लागले. एकात धम्मदीप हवालदार होता, 'साहेब, गाडी तयार आहे' एवढंच म्हणून गेला. एकात तो प्रेत होता. सर म्हणाले, "बघ, बाकीच्या प्रेतांची पोटं हलतात. हा खरंच मेलाय." मैथिली हसून हसून लोळली. पण एका सिनेमात तो हॉटेलातला वेटर होता, तिथं तीही सरसावून बसली. नायक टेबलावर डोकं टेकून रडत असतो. सगळा कॅमेरा त्याच्यावर. मागून वेटर येतो, पाण्याचा ग्लास ठेवतो आणि जाता जाता भिंतीवरच्या पंख्याचं तोंड हळूच त्याच्याकडे वळवतो. बस, एवढंच. सरांनी तो तुकडा चार वेळा मागे घेऊन पाहिला. मग जुन्या सहकाऱ्यांना फोन लावून सांगत सुटले, "अहो, आपल्या अकोटचा माणूस आहे! चार सेकंद मिळाले तरी सोनं केलंय त्यानं!" अभिमान असा, की जसं काही याला यांनीच शिकवलं. प्रत्यक्षात दोघांची कधी भेटही झालेली नव्हती.

त्यातच रसिक मंडळाचे अध्यक्ष गोपालराव यांचा फोन आला. धम्मदीप तायडेंचा सत्कार ठरलाय, मानपत्र तुमचंच. सरांनी त्याच क्षणी ठरवलं, सुगंध आणि दाही दिशा बंद. या माणसाचं मानपत्र त्याच्याच कामांचं होईल, एकही काम न वगळता.

अडलं ते पहिल्याच सिनेमाशी. यादीत नाव होतं, पण तीन वेळा पाहूनही त्यात धम्मदीप सापडेना. शेवटी सरांनी दर्यापूरवरून जाणारी एसटी धरली आणि अकोटला त्याच्या वडिलांचं घर गाठलं.

पुंजाजी तायडे कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले, काटक आणि कमी बोलणारे. त्यांनी चहा दिला, आदरानं बसवलं. पण सिनेमाचा विषय निघाला तसा त्यांचा चेहरा मिटला.

"तो पयला सिनेमा? त्याचं नाव नोका काढू, गुरुजी."

"काय झालं?"

"पोट्टं फोनवर मने, बाबा, लग्नाच्या सीनमंदी मी हाओ. मी साऱ्या मोहल्ल्याले सांगतलं. जीप केली, पंधरा मानसं घेतले, अकोल्याले गेलो टॉकीजमंदी. लगन लागलं, पंगत झाली, सिनेमा सरला, पन पोट्टं काई दिसलं नाई. जीपमंदी कोनी बोलेच ना. मंग हा शेजारचा नत्थ्या मने, पुंजाजी, पोरगा दिसला का? झालं! तवापासून कोनं बी थाप मारली का अकोटात लोक मनतात, पुंजाजीचा पोरगा दिसला का."

"आणि आताचा हा कोर्टाचा सिनेमा?"

"नाई पाह्यला." पुंजाजी दाराबाहेर बघत म्हणाले. "माह्या पोराचा मले अभिमान हाये, गुरुजी. त्यानं भूमिका करो का नोको करो. पन मी लबाड ठरलो ना. जवालोक तो डाग हाये, तवालोक मी टॉकीजची पायरी चढत नाई. सत्कारालेई येनार नाई." मग वळून त्यांनी विचारलं, "तुमाले दिसला का तो?"

सरांना 'नाही' म्हणणं फार जड गेलं. "सापडला तर कळवतो," एवढंच ते बोलले.

"सापडला तर येतो. अन् नत्थ्यालेई धरून आनतो."

परतीच्या वाटेवर सरांच्या डोक्यात मानपत्र राहिलंच नव्हतं. ऐंशीकडे आलेल्या माणसाच्या शब्दाचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी लग्नाचा प्रसंग पुन्हा लावला. वऱ्हाडी पाहिले, बँडवाले पाहिले, वाढपी पाहिले. मैथिली कंटाळून म्हणाली, "आबा, कापला असेल त्याला." पडद्यावर मंगलाष्टकं सरली, अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या.

"थांबव!" सर ओरडले.

सरांचे वडील भिक्षुकी करत. लहानपणी शंभरेक लग्नांत सरांनी अंतरपाट धरला होता. हात भरून यायचे, पण खाली करायची सोय नव्हती. आणि इतक्या लग्नांत एकाही माणसानं त्यांना कधी 'तुला पाहिलं बरं का' म्हटलं नव्हतं. अंतरपाट असेतो धरणारा त्याच्याआड जातो, आणि तो दूर झाला की सारं जग नवरा-नवरीकडे बघतं. अकोटच्या मंडळींची लग्नं तर बुद्धवंदनेनं लागायची, तिथं अंतरपाट नसतोच. ती बिचारी पाहुण्यांत आणि पंगतीत शोधत बसली असणार.

मैथिलीनं चित्र मागे घेतलं. अंतरपाटाच्या उजव्या टोकाशी धम्मदीप होता. कोवळा, मिशीसुद्धा नीट न फुटलेला. सगळे अक्षता टाकत होते आणि हा कापडाची घडी घालता घालता नवरीकडे असा बघत होता, जणू सख्खी बहीण सासरी निघालीय. तीन सेकंद. पण घडी घालताना नवरा-नवरीच्या मध्ये, पडद्याच्या अगदी मधोमध.

सरांनी अकोटला फोन लावला. "पुंजाजी, या. जीपभर माणसं घेऊन या." पुढचं काही त्यांनी सांगितलं नाही.

सत्काराच्या आदल्या दिवशी गोपालरावांनी मसुदा वाचला आणि कपाळाला हात लावला. "सर, प्रेत? वेटर? अंतरपाट? हा सत्कार आहे की उणीदुणी काढायची सभा? तो आज एवढा मोठा माणूस झाला. 'वऱ्हाडभूषण' लिहा, 'नटश्रेष्ठ' लिहा आणि या फालतू ओळी काढून टाका."

"या ओळी काही मी काढणार नाही," सर म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी मंडळाला पहिल्यांदाच नकार दिला होता. रात्रभर एकच शंका त्यांना टोचत राहिली. गोपालराव म्हणतात तसं धम्मदीपलाच लाजल्यासारखं झालं तर?

हॉल गच्च भरला. तिसऱ्या रांगेत अकोटची मंडळी होती. मध्ये पांढऱ्या सदऱ्यातले पुंजाजी ताठ बसलेले, शेजारी नत्थुजी. मंचावर धम्मदीप मान खाली घालून बसला होता. गोपालराव सरांकडे डोळे वटारून बघत होते. सर माइकपाशी गेले आणि वाचू लागले.

हवालदारावर लोक हसले. प्रेतावर तर हॉल खदखदला. सर तरी थांबले नाहीत. वेटर आणि पंखा आला तेव्हा हसू ओसरलं. धम्मदीपनं मान वर केली आणि तो सरांकडे नुसता बघत राहिला. तो पंखा दिसल्याचं आजवर त्याला कुणीही सांगितलं नव्हतं.

"आणि आपला पहिला चित्रपट," सरांनी वाचलं. "त्यातल्या लग्नात आपण आहात. उजव्या हाताला अंतरपाट धरून उभे आहात. तो दूर झाला तेव्हा साऱ्यांनी नवरीला पाहिलं, म्हणून आपण कुणाला दिसला नाहीत. पण आपण तिथंच होतात, अगदी मधोमध. आपल्या वडिलांनी अकोटला सांगितलं ते अक्षरशः खरं होतं."

तिसऱ्या रांगेतून नत्थुजी उठले.

"मास्तर, जराक थांबा." त्यांनी पुंजाजींकडे बोट दाखवलं. "सोळा वर्सं झाली. या मानसाले मी चौकाचौकात लबाड मनलं. हा लबाड नोता. पोट्टं समोरच होतं. आमीच नवरीकडे पाहून राह्यलो होतो."

 मंचावर धम्मदीपनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

पुंजाजींनी नत्थुजींकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांची नजर मंचावर होती. त्यांनी हात लांबवून नत्थुजींच्या सदऱ्याला धरलं आणि त्यांना खाली खेचलं.

"बस आता खाली. माह्या पोराचं वाचून राह्यले ते. पुरं आयकू दे मले."