विकतचा मोडेम

सात वर्षं आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरात केबलवाल्याचा भाड्याचा मोडेम होता. दर महिन्याला त्याचं भाडं, आणि दर वीस मिनिटांनी तो बंद. मी एका ऑनलाइन क्लाससाठी घरून दहावीच्या मुलांना गणित शिकवते. ऐन त्रिकोणमितीत मी गायब व्हायचे, आणि परत येईपर्यंत अर्धी मुलं गायब झालेली असायची. शेवटी मॅनेजरने स्पष्ट सांगितलं, सोमवारचा तास तुटला तर बॅच दुसऱ्याला देऊ. माझं डोकं सणकलं. भाडं आपणच भरायचं आणि नोकरीही आपलीच जायची. त्याच दिवशी मी माझ्या पगारातून चांगला नवा मोडेम विकत आणला.

स्वतःचा मोडेम चालतो, फक्त त्याचा नंबर केबलवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये चढवावा लागतो. केबलवाला सुशील बुधवारी म्हणाला, "हो जाएगा दीदी." गुरुवारीही तेच म्हणाला. शुक्रवारी त्याने फोनच उचलला नाही. भाडं बुडेल म्हणून हा टाळतोय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. शनिवारी सकाळी मी त्याच्या दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला धू धू धुतलं. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"दीदी, तीन बार ओटीपी भेजा है. कनेक्शन बाबूजी के नाम पे है, तो उन्हीं के फोन पे जाता है. मैंने पूछा भी. बोले, रहने दो."

बाबूजी म्हणजे माझा नवरा पराग याचे बाबा, नरहरी. रेल्वेतून निवृत्त झालेले. घरी आले तेव्हा ते पुढच्या खोलीत पेपर वाचत होते.

"बाबा, तुमच्या फोनवर ओटीपी आला होता?"

"आला."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"कनेक्शन माह्या नावावर हाय. डब्बा आणताना तू मले विचारलं होतं?"

"माही नोकरी जाऊन राहिली, बाबा."

"जाऊ दे. पराग कमावून राहिला ना. घरात काय कमी हाय?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. दोन वर्षांपासून या माणसाच्या बीपीच्या गोळ्या माझ्या पगारातून येतात. तीन वेळा याने चष्मा लावून ते आकडे वाचले आणि फोन उलटा ठेवला. मी मात्र सुशीलला चोर म्हणून आले होते.

मी मोडेम उचलला आणि पुन्हा दुकानात गेले. आधी सुशीलची माफी मागितली. मग म्हणाले, त्याच घरात दुसरं कनेक्शन दे, माझ्या नावावर. त्याने पत्त्याचा पुरावा मागितला. विजेचं बिल बाबांच्या नावावर, घर बाबांच्या नावावर. माझ्या आधारवर अजून बीरगांवचा पत्ता होता, आईच्या घराचा. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तो बदलावा असं कुणालाच वाटलं नव्हतं. मलाही नाही, आणि याचा राग मला सगळ्यात जास्त आला.

"यहाँ के लिए बाबूजी की साइन लगेगी," सुशील म्हणाला. "बीरगांव में तो कल ही लगा दूँगा."

"तिथंच लाव," मी म्हणाले.

सोमवारी आईच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत पूर्ण तास झाला. एकदाही तुटला नाही. एकतीस मुलं शेवटपर्यंत बसून होती.

संध्याकाळी उरला भागातल्या कारखान्यातली ड्यूटी संपवून पराग मला न्यायला आला. शर्टावर तिथली धूळ तशीच होती.

"चाल घरी. बाबाले वाटून राहिलं का त्यायचं चुकलं."

"मग त्यायनं मले फोन करून सांगावं."

"ते नाही सांगणार. तुले माहीत हाय त्यायचा स्वभाव."

"हव, माहीत हाय," मी म्हणाले. "बॅच मार्चपर्यंत हाय. उद्या येताना माहे कपडे घेऊन ये."